वाकणारा फोन आणि बोटांना मिळणारं उत्तर

डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून पेपर वाचणारे काका तुम्ही पाहिले असतील. पेपरची उभी घडी, एका हाताने पान उलटायचं, नजर खिडकीबाहेर, ठाणं आलं का? पान एक उलटलं की दोन, हे त्यांना बघावं लागत नाही. बोटांना कळतं. वाकणाऱ्या फोनचा इतिहास वाचताना मला हे काका सारखे आठवतात.

सुरुवात 2004 पासून धरू. सोनीच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेतल्या श्वेसिग, पुपीरेव आणि मोरी यांनी 'गम्मी' नावाचा नमुना मांडला. गंमत म्हणजे त्याचा स्क्रीन कडकच होता, वाकायचा तो खालचा पाया. हवा तसा डिस्प्ले हातात नव्हता, तरी त्यांनी प्रश्न विचारून घेतला: वाकवण्याच्या प्रमाणात झूम कमी-जास्त करता येईल का? साधन नाही म्हणून विषय सोडणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

2011 मध्ये कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या ह्यूमन मीडिया लॅबचा 'पेपरफोन' आला. यात खरोखर वाकणारा ई-पेपर होता. कुठल्या कामासाठी फोन कसा वाकवायचा, हे इथे सहभागी लोकांनीच ठरवलं. पुढे-मागे अशी स्पष्ट दिशा असलेल्या कामांत त्यांचं बरंच एकमत झालं.

पण फोन उत्तर देत नव्हता. किती वाकवलं हे कळायला शेवटी डोळेच लागायचे. त्याच लॅबने 2016 मध्ये 'रिफ्लेक्स' दाखवला, तो या अडचणीवर. त्यात व्हॉइस कॉइल होती, म्हणजे स्पीकरमध्ये असते तशी चुंबकाजवळ हलणारी तारेची गुंडाळी. साध्या फोनची मोटर नुसती गुरगुरते, कॉइलच्या कंपनाला मात्र बारीक आकार देता येतो. उजवी बाजू वाकवली की पुस्तकाची पानं सरकायची, जास्त वाकवली की वेगाने, आणि ती सरकताना बोटांना जाणवायची.

लॅबचे प्रमुख रोएल व्हर्टेगाल यांनी तेव्हा असे फोन पाच वर्षांत लोकांच्या हातात येतील असा अंदाज केला होता. 2019 मध्ये सॅमसंगचा फोल्ड आला खरा. पण त्याला बिजागरी आहे. अशा फोनमध्ये घडी अर्धवट उघडली तर फार तर स्क्रीनची मांडणी बदलते. वाकवून बोलणं आणि स्पर्शाने उत्तर मिळणं, हे दुकानात पोचलंच नाही.

स्पर्शाचा धागा मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. 1834 मध्ये वेबरने दाखवलं की फरक जाणवणं हे मूळ वजनाच्या प्रमाणात असतं. आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत, सुभासिस चौधुरी आणि अमित भारद्वाज यांनी हाताला जाणवणाऱ्या बलावर याच अंगाने काम केलं, त्यांचं पुस्तक 2018 चं आहे. जो फरक जाणवतच नाही, तो डेटा पाठवायचा कशाला?

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये 'फ्लेक्सिबल डिस्प्ले' हा शब्द अकरा वेळा होता. गाइड म्हणाले, "तो शब्द काढून वाच, काय उरतं बघ." राग आला. कल्याण येईपर्यंत पेन्सिलने खोडत बसले. एक वाक्य उरलं: न बघता वाकवताना, किती फरक पडला की बोटाला कळतं? सध्या तेच मोजतेय.