क्रूझवरील जलतरण तलाव : मुलावर लक्ष कोणाचे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे निघणाऱ्या जहाजावर सहकुटुंब दोन-चार दिवस घालवणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज २००५ मध्ये मुंबईत मुक्कामाला आले, तेव्हा क्रूझ ही हौशी आणि सधन मंडळींची चैन समजली जात असे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ यांच्यामुळे ही सफर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सिंगापूरच्या सहलीला जोडून दोन रात्रींची क्रूझ घेण्याचा प्रघात तर त्याहून जुना आहे. अशा सफरीत आजी-आजोबांपासून तीन वर्षांच्या नातवापर्यंत सारे घर एकत्र असते, आणि त्या नातवाचे जहाजावर पाऊल पडताच त्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे वरच्या डेकवरचा निळा पूल.

या पुलाविषयी पालकांचा एक समज सर्वत्र आढळतो. जहाजावर सारे काही कर्मचारी पाहतात. खोली आवरणारा वेगळा, ताट उचलणारा वेगळा, टॉवेल देणारा वेगळा. तेव्हा पुलाकडे पाहणाराही कोणी असणारच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कित्येक दशके बहुतेक क्रूझ कंपन्यांनी आपल्या पुलांवर जीवरक्षक नेमलेलेच नव्हते. ‘येथे जीवरक्षक उपस्थित नाही, आपल्या जबाबदारीवर पोहावे’ अशी पाटी लावली की कंपनीचे कर्तव्य संपत असे. अनेक मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे ज्या शहरातून जहाज सुटते, तेथील सार्वजनिक तलावांचे नियम त्यांना आपोआप लागू होत नाहीत.

हे चित्र बदलले, ते काही दुःखद घटनांनंतर. मार्च २०१३ मध्ये ‘डिस्ने फॅंटसी’ हे जहाज फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हेरल बंदरातच उभे असताना चार वर्षांचा एक मुलगा पुलात बुडताना सापडला. त्याचा जीव वाचला, मात्र मेंदूला झालेली इजा कायमची ठरली. त्यानंतर त्या कंपनीने कुटुंबांसाठीच्या पुलांवर जीवरक्षक नेमले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘कार्निव्हल व्हिक्टरी’वर सहा वर्षांच्या मुलाचा बुडून मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’वर दोन मुले पुलात निश्चल अवस्थेत आढळली. त्यांपैकी चार वर्षांचा मुलगा वाचू शकला नाही. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या कंपन्यांनी २०१७ मध्ये जीवरक्षक नेमण्याचे जाहीर केले. सर्वच कंपन्यांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही. म्हणून तिकीट काढतानाच सहल कंपनीला विचारावे, की पुलावर जीवरक्षक असतो का, आणि असल्यास कोणत्या वेळेत. ‘तेथे सगळी व्यवस्था असते’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

जीवरक्षक असला तरी त्याचे काम बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचे असते. मूल पाण्यात जाऊ नये, गेले तर कोणाबरोबर जावे, हे पाहणे त्याच्याकडे नसते.

जहाजावरचे पाणी वेगळे असते

सोसायटीतील किंवा क्लबमधील तलावात ज्यांनी मुलांना नेले आहे, त्यांनाही जहाजावरील पूल फसवतो. तो दिसतो लहान, त्यामुळे निरुपद्रवी वाटतो. पण जागेच्या टंचाईमुळे अनेक जहाजांवर या पुलाला उथळ बाजूच नसते. चारही कडांना खोली सारखीच. पाच वर्षांच्या मुलाचे पाय अनेक मुख्य पुलांत तळाला टेकत नाहीत. कडेला पायऱ्या असल्या तर पुष्कळदा त्या कड्यावरून थेट खोल पाण्यात उतरतात. खोलीचा आकडा मीटरमध्ये किंवा फुटांत काठावर रंगवलेला असतो. पहिल्याच फेरीत तो पाहावा आणि मुलाची उंची त्याच्याशी ताडून घ्यावी.

दुसरी गोष्ट लाटांची. जहाज डोलते तसे पुलातले पाणीही या कडेहून त्या कडेला झुलते. जे पाणी आत्ता मुलाच्या छातीशी होते, ते पुढच्या क्षणी त्याच्या नाकाशी येते. मोठ्यांना ही मौज वाटते, आणि मोठ्या मुलांना तर फारच. तीन फूट उंचीच्या मुलाला मात्र यात तोल सावरता येत नाही. समुद्र अधिक खवळला तर कर्मचारी पूल रिकामा करतात किंवा त्यावर जाळे ताणतात. हे जाळे खेळण्यासाठी नाही, त्यावर चढण्याचा मोह मुलांना होतो. भोवतालची फरशी ओली, खारी आणि निसरडी असते, त्यामुळे पाण्यात न उतरलेले मूलही घसरून पाण्यात जाऊ शकते. काठाशी खेळत असलेल्या मुलाकडेही पोहणाऱ्या मुलाइतकेच लक्ष हवे, ते याचसाठी.

पुलाच्या शेजारचा गरम पाण्याचा जॅकुझी पालकांना अधिक सुरक्षित वाटतो. पाणी उबदार, जागा आटोपशीर. लहान मुलासाठी तो अधिक धोक्याचा आहे. तेथील पाणी ४० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असू शकते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. पाच वर्षांखालील मुलांना त्यात बसवू नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे. शिवाय पाणी ओढून घेणाऱ्या जाळीत लांब केस किंवा कपडा अडकण्याची भीती असते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या सात वर्षांच्या नातीचा २००२ मध्ये अशाच एका टबात मृत्यू झाला आणि २००७ मध्ये तेथे या जाळ्यांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

डायपर वापरणाऱ्या बाळांचा प्रश्न निराळा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या आरोग्यनियमांनुसार डायपरमधील मुलांना, मग ते पोहण्याचे खास डायपर का असेना, सर्वसाधारण पुलात आणि जॅकुझीत प्रवेश नसतो. काही जहाजांवर बाळांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते. अन्य मार्गांवरील जहाजांवरही असा नियम बऱ्याचदा आढळतो. ‘एवढेसे तर बाळ आहे’ असे म्हणून त्याला हळूच पाण्यात बुचकळण्याची हौस टाळलेली बरी. एका डायपरमुळे संपूर्ण पूल बंद करावा लागतो.

बुडणे शांत असते

चित्रपटांनी बुडण्याचे एक दृश्य आपल्या मनात पक्के केले आहे : हात हलवणे, किंचाळणे, पाणी उडवणे. प्रत्यक्ष तसे क्वचित घडते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रॅंक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफितींचा अभ्यास करून दाखवून दिले, की बुडणाऱ्याला हाक मारता येत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा, की ओरडायचे? शरीर श्वास निवडते. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबू लागतात, ते हलवून कोणाला बोलावता येत नाही. शरीर उभेच राहते, पाय मारले जात नाहीत. पाण्याखाली जाण्यापूर्वीची ही झुंज वीस ते साठ सेकंदांची असते. लहान मूल यातील खालच्या आकड्याच्या जवळ असते. सरबताचे पैसे चुकते करण्यास याहून अधिक वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. यातील फार थोडी जहाजांवरची, हे खरे. परंतु कारण सर्वत्र एकच आहे. मोठी माणसे जवळ असतात, पण पाहत नसतात.

हे सांगण्याचे कारण आपल्याकडील सहलीची रीत. दोन भाऊ, त्यांच्या बायका, आत्या, मावशी, आजी-आजोबा अशी दहा-बारा मोठी माणसे पुलाभोवतीच्या आरामखुर्च्यांवर बसलेली असतात. आईला वाटते, आत्या पाहते आहे. आत्या समजते, बाबा पाण्यात आहेत. बाबा मोबाइलवर थोरल्याच्या उडीचे चित्रीकरण करीत असतात. जितकी माणसे अधिक, तितका प्रत्येकाचा निर्धास्तपणा अधिक. संगीत, घोषणा, गर्दी आणि ऊन यांमध्ये एखादे मूल दिसेनासे झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय साधा आहे. कोणत्याही वेळी एकाच मोठ्या माणसाकडे मुलाची जबाबदारी असावी आणि ती बोलून दिली-घेतली जावी. ‘आतापासून लक्ष तुझे’ असे म्हणावे, समोरच्याने ‘माझे’ म्हणावे, त्यानंतरच पहिल्याने उठावे. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी, कारण त्याहून अधिक काळ पाण्यावर नजर खिळवणे कठीण जाते. पाळी असलेल्याने वाचू नये, फोन हाती घेऊ नये, मद्य घेऊ नये. छायाचित्रे दुसऱ्याने काढावीत. पोहता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘लक्ष’ याचा अर्थ हात लांबवला की मूल हाताला लागेल इतके अंतर, म्हणजे मोठ्या माणसानेही पाण्यातच असणे. आजोबांना पोहता येत नसेल, तर ही पाळी त्यांना देऊ नये, मग त्यांना कितीही वाईट वाटो. नऊ-दहा वर्षांच्या ताईवर किंवा दादावर धाकट्याची जबाबदारी टाकणे तर दोघांवरही अन्याय आहे.

पहिला दिवस सर्वांत गोंधळाचा. केबिन तयार नसतात, सामान यायचे असते, जेवणाची झुंबड असते आणि सुरक्षिततेची कवायत आटोपायची असते. मुले मात्र पुलाकडे धाव घेतात. हातातल्या पिशवीत मुलाचे पोहण्याचे कपडे असले, तरी कवायत होऊन सर्वजण स्थिरस्थावर होईपर्यंत पुलाकडे न फिरकणे शहाणपणाचे. संपूर्ण दिवस समुद्रात असतो तेव्हा, आणि संध्याकाळच्या नाचगाण्याच्या वेळी, पुलाकाठी उभे राहायलाही जागा नसते; लहान मुलाला पोहायला नेण्यासाठी जहाज बंदराला लागलेले असतानाची दुपार उत्तम, तेव्हा निम्मे प्रवासी किनाऱ्यावर गेलेले असतात.

दंडात घालायचे हवेचे फुगे आणि कमरेची रबरी कडी ही खेळणी आहेत, संरक्षण नव्हे. ती निसटतात, उलटतात, आणि मुलाला आपल्याला पोहता येते असा भ्रम देतात. मापाचे, प्रमाणित लाइफ जॅकेट काही जहाजांवर मागितल्यास मिळते. ते घातल्यावरही हाताच्या अंतरावर राहायचेच. पोहण्याचा पोशाख नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा. आकाशी वा पांढरा पोशाख निळ्या पाण्याखाली दिसत नाही.

पुलाशेजारच्या कठड्यांविषयीही सावध असावे. जुलै २०१९ मध्ये पोर्टो रिकोतील सान हुआन बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावरून दीड वर्षाची मुलगी अकराव्या डेकवरील उघड्या खिडकीतून खाली पडून मरण पावली. मुलांसाठी पाण्यात खेळण्याची जागा त्याच डेकवर होती. समुद्र दाखवण्यासाठी मुलाला कठड्यावर किंवा खिडकीपाशी उचलून धरू नये, आणि खुर्च्या कठड्यालगत ओढू नयेत.

मूल बुडालेच, तर त्याला बाहेर काढताच श्वास चालू आहे का ते पाहावे. नसल्यास लगेच तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करावी. दुसऱ्याने कर्मचाऱ्यांमार्फत जहाजाच्या दवाखान्याला कळवावे. पोट दाबून पाणी काढणे, उलटे धरणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे या आपल्याकडच्या समजुतींनी मोलाची मिनिटे वाया जातात. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेडक्रॉस यांसारख्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. घरातील एकाने तरी निघण्यापूर्वी ते शिकून घ्यावे. शुद्धीवर आलेल्या मुलालाही डॉक्टरांना दाखवावेच. खोल समुद्रात मोठे रुग्णालय कित्येक तास दूर असते.

आणि मूल नुसतेच दिसेनासे झाले, तर केबिन, खेळण्याची खोली, आइस्क्रीमचा काउंटर हे सारे नंतर. प्रथम पाणी पाहावे : प्रत्येक पूल, तळापर्यंत, आणि जॅकुझीही, कारण त्याच्या फेसाखालचे काहीच दिसत नाही.