श्रुतलेखन : लेखनिकापासून ऐकणाऱ्या यंत्रापर्यंत

प्राथमिक शाळेतील श्रुतलेखनाचा तास कोणास आठवत नाही? गुरुजी एकेक वाक्य सावकाश उच्चारीत आणि मुले ते पाटीवर उतरवून घेत. एकाने बोलावे आणि दुसऱ्यांनी लिहावे, असा तो पाठ. परंतु ज्या मुलाचा हात चालत नाही, ज्याची दृष्टी अधू आहे, अथवा ज्याच्या मनातील अक्षरे कागदावर येताना उलटसुलट होतात, त्याच्यासाठी हा पाठ फिरवावा लागतो. तेथे विद्यार्थी बोलतो आणि दुसरे कोणीतरी लिहिते. हे ‘दुसरे कोणीतरी’ शतकानुशतके माणूस होते. गेल्या पाऊणशे वर्षांत त्या जागी यंत्र येऊ लागले आहे. या स्थित्यंतराचा इतिहास पाहावा आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पदरात त्यातून काय पडले याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सांगून लिहविणे यात कमीपणा आहे असे आपल्या पूर्वजांना कधी वाटले नाही. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, अशी कथा आहे. ‘मध्ये थांबायचे नाही’ ही त्या लेखकाची अट होती. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथाचे लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव नेवाशाच्या परंपरेने जपले आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र तर्तिय नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतले, आणि पत्राच्या अखेरीस त्याने आपला नमस्कारही घातला. इंग्रज कवी मिल्टन १६५२ च्या सुमारास अंध झाला. १६६७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे महाकाव्य त्याने इतरांना सांगून लिहविले. खुद्द धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. आपले हात तोडून घेतलेल्या गोरोबांची आख्यायिका आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. हात नाहीत म्हणून त्यांच्या भक्तीचा अधिकार कोणी नाकारला नाही. शब्द ज्याचा, कृती त्याची, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

शाळेत व परीक्षेत मात्र हे तत्त्व सहजी शिरले नाही. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. ब्रेल लिपीने अंध विद्यार्थ्यास वाचता आणि लिहिता येऊ लागले, आणि १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान ब्रेल संकेतही ठरला. पण अडचण पुरती सुटली नाही, कारण विद्यार्थ्याने ब्रेलमध्ये लिहिलेले उत्तर सामान्य परीक्षकास वाचता येत नव्हते. म्हणून परीक्षेच्या दिवशी लेखनिक लागतच राहिला.

लेखनिक मिळविणे हे आजही सोपे काम नाही. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. दहावीच्या विद्यार्थ्यासाठी नववीचा मुलगा शोधावयाचा. त्याच्या पालकांची मनधरणी करावयाची. ऐनवेळी तो आजारी पडला तर देवावर भरवसा ठेवायचा. शिवाय शास्त्रातील संज्ञा त्या मुलाने कधी ऐकलेल्याच नसतात. सांगणाऱ्याने बरोबर सांगावे, लिहिणाऱ्याने चुकीचे लिहावे आणि गुण मात्र सांगणाऱ्याचे जावेत, हा अन्याय कोणाच्याही दुष्टपणाशिवाय घडत असतो.

या माणसाऐवजी यंत्र लिहू शकेल काय? या प्रश्नाचा आरंभ १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. ‘ऑड्री’ नावाचे तेथील यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखीत असे, तेही ओळखीच्या आवाजात उच्चारले तरच. १९६२ साली आयबीएम कंपनीने सोळा शब्द ओळखणारी पेटी जगासमोर मांडली. पुढची मोठी झेप एका भारतीयाच्या मार्गदर्शनाखाली पडली. आंध्र प्रदेशातील कटूर या खेड्यात १९३७ साली जन्मलेले डॉ. राज रेड्डी यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील चमूने १९७६ पर्यंत ‘हार्पी’ ही प्रणाली सिद्ध केली. ती एक हजार अकरा शब्द ओळखीत असे. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार रेड्डी यांना १९९४ साली मिळाला.

१९९० साली ‘ड्रॅगन डिक्टेट’ नावाची आज्ञावली बाजारात आली. किंमत सुमारे नऊ हजार डॉलर. तिची अट गणपतीच्या अटीच्या नेमकी उलट होती. प्रत्येक शब्दानंतर बोलणाऱ्याने क्षणभर थांबलेच पाहिजे! तरीही ज्यांचे हात निकामी झाले होते, त्यांनी ही कटकट आनंदाने पत्करली. १९९७ साली सलग बोलणे टिपणारी आज्ञावली आली आणि परदेशातील शाळा-महाविद्यालयांत दिव्यांग विद्यार्थी तिच्या साहाय्याने निबंध लिहू लागले.

हे यंत्र करते तरी काय? आवाजाच्या लहरीचे ते अतिसूक्ष्म तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीशी जुळतो याचा अंदाज बांधते, आणि मागच्या-पुढच्या शब्दांवरून कोणता शब्द अधिक संभवतो ते ठरविते. हा अंदाज ते हजारो माणसांचे बोलणे ऐकून शिकते. ज्यांचे बोलणे त्याने ऐकले, त्यांचेच त्याला कळते. या गोष्टीत आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे.

मराठीचा क्रम त्यामुळे उशिरा लागला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी यांनी शेतमालाचे भाव दूरध्वनीवर सांगता यावेत म्हणून शेतकऱ्यांच्या मराठी आवाजाचे नमुने गोळा केले. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय मोबाईलवर दिली आणि नऊ हजार डॉलरची वस्तू शेतमजुराच्या घरातही पोहोचली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. आपल्या भाषांतील आवाजाचा संग्रह वाढविणे हा त्याचा एक भाग आहे.

आता धाराशिवकडे वळू. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास परीक्षेत परक्या भाषेत उत्तर द्यावे लागे. त्याला विषय कळत नव्हता असे नव्हे. त्याची भाषा ऐकून घेणारे कोणी तेथे बसलेले नव्हते. आज यंत्रासमोर बसलेल्या मुलाची स्थिती काहीशी तशीच होण्याचा धोका आहे. ‘काय करायलास?’ ही धाराशिव-लातूरकडची बोली. उमरग्याच्या बाजूस कन्नडचा शेजार, सर्वत्र दखनी उर्दूची मिसळ. यंत्राला मात्र प्रमाण मराठीची सवय अधिक. त्यात ‘जग’ या एकाच लिखित शब्दाचे दोन उच्चार दोन अर्थ देतात. बोलताना आपण ‘केलं’ म्हणतो, पुस्तक ‘केले’ लिहिते. गणितातील अपूर्णांक आणि भूमितीतील आकृती बोलून दाखविणे तर आणखी बिकट.

याच जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसला. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो जायबंदी झाली. अपंगत्व कोणत्याही रात्री कोणत्याही घरात येऊ शकते, हे सास्तूर परिसरातील माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. २०१८ साली केंद्राने धाराशिवचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. जेथे साधने तोकडी, तेथे स्वस्त आणि हाताशी असलेल्या साधनाचे मोल अधिक असते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य झाले आणि अध्ययन अक्षमताही त्यांत आली. केंद्राच्या २०१३ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाबरोबरच संगणकावर उत्तरे लिहिण्याची, तसेच ती ध्वनिमुद्रित करण्याची मुभा नमूद आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. हाताच्या विकारामुळे लिहिणे अशक्य असलेल्या उमेदवारास, ठरावीक टक्केवारीचे प्रमाणपत्र नसले तरी, लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र चालू आहे. इच्छा असली की मार्ग कसा निघतो याचा तो पुरावा आहे.

यंत्र म्हणजे तारणहार नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलाचा हात आणि जीभ दोन्ही अडखळतात, त्याचे बोलणे आईला समजते, यंत्राला समजत नाही. अशा अडखळत्या वाणीवर गूगलने २०१९ साली संशोधन जाहीर केले. त्याचा आरंभ इंग्रजीपासून झाला. परीक्षेच्या दालनात बोलून लिहावयाचे तर स्वतंत्र खोली हवी, वीज हवी, आणि उत्तरे न पुरविणारे, आंतरजालाविना चालणारे यंत्र हवे. शिवाय हे साधन परीक्षेच्या दिवशी प्रथमच हाती देऊन भागत नाही. स्वल्पविराम कोठे द्यावा, चुकलेला शब्द कसा दुरुस्त करावा, हे पाचवी-सहावीपासून रोजच्या गृहपाठात मुरावे लागते.

म्हणून आपल्या कुटुंबांना आमचे सांगणे आहे. घरात लिहिण्यास अडखळणारे मूल असेल तर त्याला आळशी म्हणून झिडकारू नका. हातातील मोबाईलवर त्याला आपले उत्तर बोलू द्या, उमटलेली अक्षरे त्याच्याबरोबर वाचा आणि चुका सुधारून घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना वेळेत भेटा, प्रमाणपत्राचे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नका. आणि शेजारच्या मुलास लेखनिक हवा असेल तर आपले मूल पाठविण्यास कुरकुर करू नका. यंत्र आपली बोली शिकेपर्यंत तर्तियाची जागा कोणीतरी घेतलीच पाहिजे.