दम कुठला?

“जिना चढताना दम लागतो हो.” ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येते. हृदय थकलेला माणूस ते म्हणतो. जन्मभर चुलीच्या धुरात भाकऱ्या थापलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या आजी तेच म्हणतात. पोटरीच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तरी रुग्णाच्या तोंडी हेच शब्द येतात. फायली मात्र तीन वेगवेगळ्या विभागांत जातात. हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या यांचे आजार या पुस्तकात एकत्र घेतले आहेत, ते या एका वाक्यापायी.

इतर अवयवांच्या वाट्याला रक्ताचा थोडाथोडा हिस्सा येतो. फुप्फुसांतून मात्र हृदयाच्या उजव्या बाजूचे सगळे रक्त जाते, विश्रांतीतही मिनिटाला सुमारे 5 लिटर. ही वाट 13व्या शतकात इब्न अल-नफीस यांनी वर्णिली होती. विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरणाचे पूर्ण वर्तुळ मांडले. पण धमनीतले रक्त शिरेत नेमके कसे उतरते, हे त्यांना पाहता आले नाही. तो दुवा 1661 मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली सापडला, आणि तोही बेडकाच्या फुप्फुसात. मला ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडते. पुढे 1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली. 1819 च्या ग्रंथात त्यांनी फुप्फुसांचे आणि हृदयाचे आजार शेजारी-शेजारी मांडले. नळी एकच होती, ऐकायचे दोन्हीकडचे होते.

आपल्याकडच्या एका आजारात हे सगळे एकत्र येते. दहा वर्षांच्या मुलीचा घसा दुखतो, काही आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. ती बरी होते, घरचे विसरतात. बाविसाव्या वर्षी तिला दिवस जातात. सहाव्या महिन्यात धाप लागू लागते, थुंकीत रक्त दिसते. थुंकीत रक्त म्हटले की आपल्या मनात पहिल्यांदा क्षय येतो, आणि आपल्या देशात तो यायलाच हवा. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी केवळ अंदाजाने औषधे सुरू झाली, तर गोळ्या सहा महिने चालतात आणि दम तसाच राहतो. फुप्फुस तिथे निर्दोष असते. संधिवाती तापाने मायट्रल झडप आखडलेली असते. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटरची ही वाट दीडच्या खाली आली की रक्त मागे फुप्फुसात तुंबते. गरोदरपणात शरीरातले रक्त 40-50 टक्क्यांनी वाढते, म्हणून इतकी वर्षे गप्प असलेली झडप तेव्हाच बोलू लागते.

तिला डाव्या कुशीवर वळवा, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवा. दूरवर गाडा जावा तशी खोल घरघर ऐकू येईल. छातीच्या तपासणीत रुग्णाला कुशीवर वळवण्याइतका टाळला जाणारा भाग दुसरा नसेल, असे माझे मत आहे. पुढची खात्री टूडी इको करतो. जपानचे कांजी इनोउए यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप अनेकदा मोकळी करता येते. मूळ घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन मिळाले, तर हा आजार टाळताही येतो. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी त्याचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकू न देणारी गावातली परिचारिका मला या शास्त्राची मोठी जाणकार वाटते.

हे पुस्तक तिच्यासाठी आहे, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी आहे, नुकताच वॉर्डात पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. आईचा रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेल्या मुलानेही ते जरूर उघडावे. अवघड शब्द आला तिथे मी थांबून उलगडला आहे.

पहिल्या प्रकरणात यंत्र एकही नाही. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परतते, थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही आणि माणूस उठून बसतो, इथून ते सुरू होते. वाचायला घेण्याआधी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला एवढे विचारून या: रात्री झोपताना उशा किती लागतात, आणि गेल्या वर्षी किती लागत होत्या?