रक्ताचा कौल

दुखणेकरी वांचेल कीं नाहीं, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. चरकसंहितेंतील इंद्रियस्थान हा सबंध भाग मरणसूचक अरिष्टलक्षणांच्या विचारालाच वाहिलेला आहे. वर्ण, स्वर, स्वप्न अशा चिन्हांवरून तें अनुमान बांधीत. रक्त मोजून अनुमान बांधण्याची रीत मात्र बरीच अलीकडची.

१८९७ सालीं पोलिश डॉक्टर एडमंड बिएरनात्स्की यांनीं दाखविलें कीं, गोठूं न दिलेलें रक्त नळींत उभें ठेविलें असतां तांबड्या पेशी तळाशीं बसण्याचा वेग रोगपरत्वें बदलतो. १९२१ मध्यें स्वीडनचे आल्फ वेस्टरग्रेन यांनीं क्षयरोग्यांच्या बाबतींत ही परीक्षा पद्धतशीर केली. क्षयावर रामबाण औषध नव्हतें. अशा वेळीं तासाभरांत साका किती मिलिमीटर बसला, यावरून रोग चेतला आहे कीं निवळत आहे, हें ताडतां येऊं लागलें.

पुढचें पाऊल १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पडलें. विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस न्युमोनियाच्या रोग्यांचें रक्त तपासीत होते. न्युमोनियाच्या जंतूंतील ‘सी’ नांवाच्या द्रव्याशीं त्या रक्तांतील रसाचा संयोग होऊन गढूळपणा येई. रोग उतरतांच तो येईनासा होई. हेंच पुढें ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ ठरलें. शरीरांत दाह झाला कीं यकृत तें निर्माण करतें. कांहीं तासांत तें वाढूं लागतें, आणि कारण हटलें कीं झपाट्यानें ओसरतें. म्हणून एका आकड्यापेक्षां दोन दिवसांच्या आकड्यांतील फरक अधिक बोलका असतो.

श्रोतेहो, २०२० च्या कोरोनाच्या सांथींत हे शब्द घरोघर पोंचले. वूहानच्या दोन रुग्णालयांतील १९१ रोग्यांपैकीं १३७ घरीं परतले, ५४ दगावले. दाखल होतांना ‘डी-डायमर’ एका मायक्रोग्रॅमहून अधिक असलेल्यांत मृत्यूचा धोका बराच जास्त आढळला. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें हजारों रोग्यांच्या नोंदींवरून धोका मोजण्याचें एक कोष्टक बनलें. त्यांतील आठ बाबींपैकीं रक्तांतल्या दोनच: युरिया आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. उरलेल्या सहा म्हणजे वय, लिंग, जुने विकार, श्वासांची गति, प्राणवायूचें प्रमाण व शुद्धि.

हें प्रमाण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अहवालांतील आकडा पाहून कित्येक कुटुंबांचा धीर सुटतो, कित्येक भलत्या भरंवशावर राहतात. पण असा आकडा समूहाविषयीं बोलतो. शंभरांपैकीं किती दगावण्याचा संभव आहे, हें तो सांगेल. ते कोण, हें सांगणार नाहीं. कोणाकडे अधिक लक्ष द्यावें, कोणती खाट परिचारिकेच्या नजरेसमोर असावी, हें ठरविण्यास त्याचें मोल मोठें आहे. देवळांतल्या कौलाप्रमाणें तो अंतिम मानून उपचाराचा हात मात्र कोणीं आखडूं नये.