गॅसचा वास आला तर? मुलांना एवढे शिकवाच



भारतात आपल्याला सिलिंडरची सवय. त्यातला एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळला की जमिनीलगत साचतो. इथे यूकेमध्ये पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर छताकडे जातो. दोन्ही वायूंना मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात.

२२ डिसेंबर १९९९ रोजी स्कॉटलंडमधील लार्कहॉल येथे जमिनीखालचा गंजलेला लोखंडी पाइप गळून स्फोट झाला आणि एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. म्हणून वास आला तर दुर्लक्ष नको.

मुलांना सांगा:

१. लाइटचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, काडी ओढू नये. छोटी ठिणगीही पुरते.

२. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे.

३. बाहेर गेल्यावरच ०८०० १११ ९९९ वर फोन करावा. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये ही सेवा २४ तास मोफत आहे.

मोठ्यांसाठी: मीटरजवळचा दांडा पाइपला आडवा केला की गॅस बंद होतो. मात्र मीटर तळघरात असेल तर तिकडे जाऊ नये.

भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असतील, तर इंग्रजीत फोन करणारे आपले मूलच असू शकते. त्याला घरचा पत्ता आणि पोस्टकोड पाठ हवा. आमच्याकडे हा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. तुम्हीही आजच चिकटवा आणि मुलांकडून एकदा सराव करून घ्या.