आपली खाट देणारी बाई

म्हातारं माणूस वृद्धाश्रमात ठेवलं की गाव म्हणतं, टाकलं. आम्हीही म्हणायचो. पण अशा एका आश्रमाची सुरुवात ऐका.

१८३९ साली फ्रान्समधल्या सें-सेर्वां गावात झान जुगां नावाच्या, मोलकरणीचं काम केलेल्या बाईनं एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं. आपली खाट तिला दिली, स्वतः माळ्यावर झोपली. मग आणखी म्हाताऱ्या आल्या. काही जणी भीक मागून जगणाऱ्या. झाननं त्यांची नेहमीची दारं विचारून घेतली आणि त्यांच्याऐवजी स्वतः टोपली घेऊन फिरली. केवढा कमीपणा सोसला असेल! ज्यांचे हात चालत, त्या सूत कातत. नुसतं बसवून ठेवलं नाही कुणाला. तिनं उभी केलेली ख्रिस्ती बहिणींची संस्था १८८२ मध्ये कोलकात्यात आली.

आपल्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. म्हणजे खाट मिळेल. आमच्या आत्यालाही मिळाली, पण तीन रात्री ती बसूनच होती. तिची गोधडी घरी राहिली होती. चौथ्या दिवशी एसटीनं नेऊन दिली.