केरळ १९५७ : मते, जागा आणि सत्तांतर

केरळातील १९५७ सालची विधानसभा निवडणूक बहुधा एका विचारसरणीचा विजय म्हणून सांगितली जाते. परंतु मतांचे आकडे तपासले असता या सत्तांतरात राज्यपुनर्रचनेचा आणि मतविभागणीचा वाटाही लहान नव्हता, असे दिसते. त्रावणकोर-कोचीन राज्यातील काँग्रेसचे पनम्पिल्ली गोविंद मेनन मंत्रिमंडळ मार्च १९५६ मध्ये कोसळल्यापासून तेथे राष्ट्रपती राजवट होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार पुनर्रचनेत दक्षिणेकडील तमिळभाषक तालुके मद्रास राज्यात गेले, तर मलबार जिल्हा आणि कासरगोड तालुका नव्या केरळात आले. ज्या तालुक्यांत साम्यवाद्यांचे बळ नगण्य होते ते असे वगळले गेले आणि शेतकरी चळवळीने ढवळून निघालेला प्रदेश राज्याला जोडला गेला.

मतदान फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार कोणतीही खूण न केलेली मतपत्रिका बैलजोडीच्या, झोपडीच्या किंवा विळा-कणसाच्या पेटीत टाकून बाहेर पडे. ११४ मतदारसंघांतून १२६ आमदार निवडायचे होते, कारण बारा मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे तेथील एक जागा अनुसूचित जाती वा जमातीसाठी राखीव असून मतदाराला दोन मते असत. पुढे मुख्यमंत्री झालेले साम्यवादी नेते ई. एम. एस. नंबूद्रीपाद निवडून आले ते नीलेश्वरम् याच प्रकारचा मतदारसंघ होता.

काँग्रेसला सुमारे ३८ टक्के मते आणि ४३ जागा मिळाल्या, तर साम्यवादी पक्षाला सुमारे ३५ टक्के मते आणि ६० जागा. मात्र काँग्रेसने जवळपास सर्व जागा लढवल्या होत्या आणि साम्यवाद्यांनी सुमारे शंभरच, त्यामुळे ही तुलना जपूनच करावी लागते. पाच अपक्षांच्या पाठिंब्याने बहुमत जमले आणि ५ एप्रिलला नंबूद्रीपाद सरकारचा शपथविधी झाला. हे जगातील पहिले निवडून आलेले साम्यवादी सरकार, हा सर्रास केला जाणारा दावा सान मारिनोच्या १९४५ नंतरच्या आघाडी सरकारमुळे काटेकोरपणे टिकत नाही.

शपथविधीनंतर सहा दिवसांतच निघालेल्या वटहुकुमाने कुळांना जमिनीवरून काढण्यास मनाई केली. जन्मी, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत मालकी सांगणारा जमीनदार, आणि त्याचे कूळ यांचे संबंध त्यामुळे बदलू लागले. पुढे खासगी शाळांवर नियंत्रण आणणारे शिक्षण विधेयक आल्यावर विरोध पेटला आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले.

१९६० च्या निवडणुकीत काँग्रेस, प्रजा समाजवादी पक्ष आणि मुस्लिम लीग यांनी आपसांतील लढती टाळल्या. साम्यवाद्यांची मते ३९ टक्क्यांवर चढली आणि जागा २९ वर उतरल्या. ६३ आमदार काँग्रेसचे असूनही मुख्यमंत्रिपद २० आमदारांच्या प्रजा समाजवादी पक्षाच्या पट्टम थाणू पिल्लै यांच्याकडे गेले.